गुरुवारचा फोन

आमच्याकडे लांबच्या माणसाला फोनवर मरणाची बातमी सांगत नाहीत. गावात सांगतात, शेजारच्या गावाला सांगतात, पण जो लांबून यायचा आहे आणि रक्ताचा आहे, त्याला नाही. त्याला म्हणायचं, तब्येत जास्त झालीय, निघून ये. तो रस्ताभर देवाला हात जोडत येतो आणि गल्लीच्या तोंडाशी जमलेली माणसं बघितली की त्याचं त्याला कळतं. वाटेत त्याचं काही बरंवाईट होऊ नये, एकट्यानं गाडीत रडत बसू नये, एवढीच त्यामागची माया. या मायेचा मला आता राग येतो. पण तिच्यावर राग काढून काय उपयोग, चूक माझी आहे.

आबा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा अक्काला फोन करायचं काम माझ्याकडं आल्तं. अक्का माझी थोरली बहीण, घनसावंगीला दिलेली. आमचं गाव धावडा, भोकरदन तालुक्यातलं, म्हणजे जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिला यायचं होतं. फोन लावला तेव्हा आबांना अंगणात घेतलेलं होतं आणि माणसं बांबू आणायला गेल्ती. अक्कानं तीनदा विचारलं, आबा आहेत ना, खरं सांग. मी म्हणलं, "हायेत. बोलून राह्यलेत. तू जल्दी निघ." शेजारी माझा थोरला भाऊ उभा होता. दादानं मान हलवली, बराबर बोललास अशी. अक्का दोन जीपा आणि एक बस बदलून दुपारी आली, वेशीपासूनच तिनं हंबरडा फोडला, पण खोटं का बोललास म्हणून तिनं मला कधीच विचारलं नाही. विचारायचं नसतं. तिनंही कुणाला तरी असंच बोलावलेलं असणार.

हे झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. बी.ए. केलं, भोकरदनला एका दुकानात दोन वर्षं काढली आणि मग आखातात गेलो. तिथं एका गोदामात चार वर्षं खोकी रचली. उन्हाळ्यात पत्रे तापायचे, कंबर धरायची, आणि मुकादम असा बोलायचा की त्याच्या तोंडात मारावी वाटायची. पाचव्या वर्षी शहराबाहेरच्या एका थीम पार्कात माणसं घेणं चालू आहे असं कळलं. मुलाखतीला मी जे काय इंग्रजी फाडलं ते त्यांना चाललं. एसीत काम, इस्त्रीचा निळा शर्ट, छातीवर नावाची पट्टी. माझ्या जन्मात मला पहिल्यांदा कुणीतरी 'सर' म्हणणार होतं.

मायला फोनवर सांगितलं तर तिला थीम पार्क काही समजेना. म्हणलं, जत्रा समज, बारा महिने चालणारी, आत मोठमोठे पाळणे. तर म्हणते कशी, "एवढा शिकून पाळणा फिरवणार व्हय?" मला राग आला. पाळणा कॉम्प्युटर फिरवतो, मी फक्त लोकांना नीट बसवतो आणि दांडी लागली का बघतो, असं मी तिला जरा जोरातच समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मिरची तोडायला गेली तेव्हा सगळ्या बायांना सांगून आली की पोराला जिम्मेदारीची जागा मिळालीय. पुढच्या फोनला तिची शंका तयार होती. लोक वर असताना पाळणा बंद पडला तर काय? मी म्हणलं, माय, लोक वर असले की आम्ही जागा सोडत नाही, छत कोसळलं तरी सोडत नाही. तिला ते फार पटलं.

पहिला आठवडा वर्गात शिकवण्यात गेला. दांडी खाली दाबायची, मग वर ओढून बघायची, माणसाच्या डोळ्यात बघायचं, मग पुढच्याकडं. शेवटचा माणूस झाला की मागं सरून अंगठा वर करायचा. हसणं हा गणवेशाचाच भाग आहे, हसू विसरला तो शर्ट विसरला, असं तिथं शिकवत. यंत्र बंद पडलं तर 'बंद पडलं' म्हणायचं नाही, 'थोडा विसावा घेतोय' म्हणायचं. वर्गातले बाकीचे लिहून घेत होते. मला मनात हसू आलं, म्हणलं, हे आम्हाला घरूनच शिकवून पाठवलंय. सुपरवायझर फिलिपिन्सची बाई होती, पन्नाशीची, बोलायला सरळ. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं की पहिले सहा महिने रजा नाही. त्यापुढं ती आणखी काहीतरी बोलली, पण मी तेवढंच धरून बसलो. सहा महिने टिकलो तर जागा पक्की.

बाराव्या दिवशी, गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडलं तर दादाचे चार मिस्ड कॉल. दादा दिवसाचा फोन करत नाही, मोटार चालू करायची, पाणी बदलायचं, त्याला उसंत नसते. मी उभ्या उभ्या फोन लावला.

"मायची तब्येत जास्त झालीय," तो म्हणाला. "छातीत दुखून राह्यलं म्हणली आणि रानातच पडली. जालन्याला आणलंय. तू निघून ये."

मी विचारलं, "हाय ना ती?"

"हाय. बोलून राह्यली. तू जल्दी निघ."

हे तर माझेच शब्द होते. अक्काला मी जे सांगितलं होतं आणि दादानं ज्याला मान हलवली होती, तेच, त्याच क्रमानं. मी तिथल्या बाकावर बसलो. माय गेली, हे मला तेवढ्या एका वाक्यात समजलं. आता हा मला विमानात बसवायला बघतोय, असं मी धरलं. व्हिडिओ लाव, तिचं तोंड दाखव, एवढं मी म्हणू शकलो असतो. म्हणलं नाही. आमच्याकडं बापाला थोरला अग्नी देतो आणि मायला धाकटा, म्हणजे तो मान माझा होता, तोही मी त्याच बाकावर बसून सोडला.

"दादा, मला समजलं," मी म्हणलं. "माझ्यासाठी थांबू नका. तुम्ही उरकून घ्या."

पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. दवाखान्यातली कुणाची तरी चप्पल घासत गेल्याचं ऐकू आलं. मग दादा "बरं" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. त्याच्या गप्प बसण्याचाही मी माझ्या सोयीचा अर्थ काढला. म्हणलं, चोरी पकडली गेली म्हणून गप्प झाला.

आता खोटं कशाला बोलू. रडू आलं, सगळं झालं. पण त्याच्या आत कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं. माय आजारी असती तर मला निवडावं लागलं असतं, तिकडं जायचं की बारा दिवसांच्या नोकरीला चिकटून राहायचं. ती गेलीच आहे म्हणल्यावर निवडायचं काही उरलंच नाही. पळत जाऊन काय उपयोग, अंत्यदर्शन तर मिळणार नाही, दहाव्याला गेलं तरी चालतं. हे सगळं मी पाच मिनिटांत बसवून टाकलं. असं डोकं मला परीक्षेत कधी चाललं नव्हतं.

तोंड धुऊन मी सुपरवायझरकडं गेलो. माझा चेहरा बघून तिनं दार लावून घेतलं. आईबद्दल फोन आलाय म्हणल्यावर तिनं पहिलाच प्रश्न सरळ विचारला, ती जिवंत आहे का. तिच्याकडं असंच विचारत असतील. मी म्हणलं, नाही. ती म्हणाली, आजच्या आज जा, आईसाठी नियम आड येत नाहीत, हे मी तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, तुझी जागा कुठं जात नाही. मी म्हणलं, आता घाई नाही, दहाव्या दिवसाला पोचलो तरी पुरे. तिनं पुन्हा दार उघडून दिलं. तिला वाटलं असेल, ही यांची काहीतरी पद्धत दिसते. मी पुन्हा कामावर उभा राहिलो.

संध्याकाळी खोलीवर येऊन डोक्यावरून आंघोळ केली, सुतकाची. आम्ही सहा जण एका खोलीत, त्यातला एक निजामाबादकडचा. त्याला हे सगळं माहीत होतं, त्यानं फोडणी न घालता खिचडी लावली आणि मला पुढं बसवून खाऊ घातली. फोन मी बंद करून ठेवला. नातेवाइकांचे सांत्वनाचे फोन येतील, कुणीतरी मायच्या फोटोला हार घालून स्टेटसला लावेल, ते बघायची माझी छाती नव्हती. मायच्या नावानं मी त्या खोलीत पाणी सोडलं. तेव्हा माय जालन्याच्या दवाखान्यात चमच्यानं चहा घेत होती, हे मला अक्कानं नंतर सांगितलं.

शुक्रवार, शनिवार मी काम केलं. दांडी दाबली, ओढून बघितली, हसलो. शनिवारी दुपारी हैदराबादकडची एक म्हातारी नातवंडांच्या हट्टानं पाळण्यात बसायला आली. बुरखा आवरत बसली, दांडी लावताना तिनं माझं मनगट घट्ट धरलं आणि विचारलं, "गिरती तो नै ना मैं, बेटा?" तिच्या हाताची कातडी मायसारखी होती, कामानं जाड झालेली. मी म्हणलं, नाही अम्मा, मी इथंच आहे. पाळणा वर गेला. मी खांबाआड जाऊन शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, कारण पुढची रांग उभी होती. तो खाली आला तेव्हा तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला खरोखर वाटलं की मायनं कुणाच्या तरी हातून निरोप धाडला. किती मूर्ख असावं माणसानं.

रविवारी सकाळी तिकीट काढायचं म्हणून फोन चालू केला. गुरुवारपासून दहावा मोजून ठेवलेला होता. दोन मिनिटंही झाली नसतील, दादाचा फोन आला.

"माय गेली," तो म्हणाला.

मी म्हणलं, "दादा, मला माहीत हाय. मी दहाव्याला येऊन राह्यलो, तिकीटच बघत होतो."

"काय माहीत हाय? आत्ता गेली. तास झाला."

मी काय बोललो ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की दादानं विचारलं, येतोस का, तू येत असशील तर ठेवतो. तो आवाज भांडणाचा नव्हता. परक्या माणसाला विचारावं तसं त्यानं विचारलं. मी हो म्हणलं. सुपरवायझरला काय सांगू हा नवा प्रश्न पडला, कारण माझी आई तिच्या हिशेबानं आधीच वारली होती. मी तिला खरं ते सांगितलं. तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले आणि स्वतः गाडी बोलावून मला विमानतळावर धाडलं.

सोमवारी सकाळी धावड्यात पोचलो. गावातली जुनी माणसं दादावर चिडली होती, मढं एवढा वेळ ठेवत नाहीत म्हणून, पण तो हटला नव्हता. गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी होती. यावेळी मला सगळं माहीत होतं, तरी ती माणसं बघून मी बॅग तिथंच रस्त्यात ठेवली. मायच्या बोटांना मिरचीनं पडलेल्या भेगा तशाच होत्या, न्हाऊ घालूनही त्यातला तिखटाचा वास गेला नव्हता. खांद्यावर मडकं घेऊन मी तीन फेरे मारले आणि अग्नी दिला. लोक म्हणाले, धाकट्यानं अखेर गाठलं, मायचं नशीब. मी मान खाली घालून ऐकत होतो.

अक्कानं चौथ्या दिवशी मला सगळं सांगितलं, रागानं नाही, आठवण म्हणून. माय तीन दिवस शुद्धीवर होती. शुक्रवारी तर डॉक्टर म्हणाले होते की सुधारणा आहे. ती तासातासाला विचारायची, आला का. दादा पहिल्या दिवशी म्हणाला, त्याचा परत फोन आल्ता, निघालाय, दुसऱ्या दिवशी म्हणाला मुंबईत उतरलाय, तिसऱ्या दिवशी म्हणाला गाडीत बसलाय, आता येईलच. अक्कालाही त्यानं हेच सांगितलं होतं, वर बजावलं होतं की त्याला फोन करू नका, तो प्रवासात आहे. शनिवारी संध्याकाळी मायला बहुतेक समजलं. ती दादाला म्हणाली, त्याच्यावर चिडू नको, लोक वर बसलेले असतात, त्याला जागा सोडता येत नाही. त्यानंतर तिनं मी आलो का असं विचारलं नाही.

हे ऐकल्यावर मला दोन दिवस घास गिळेना. अक्काला वाटलं, मायच्या आठवणीनं.

दहाव्याला नदीवर गेलो. न्हाव्यानं आधी दादाचं डोकं केलं, मग माझं. पिंडाला कावळा लवकर शिवला, माणसं पांगली, आणि आम्ही दोघं आंघोळ करून ओल्या अंगानं दगडावर बसलो. गुरुवारपासून आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोललो होतो. मी त्याला सगळं सांगितलं. आबांच्या वेळी मी अक्काला काय म्हणलं होतं, तेच शब्द त्याच्या तोंडून आले, म्हणून मी समजलो की माय गेली. सुतकाच्या आंघोळीचंसुद्धा सांगितलं. मला वाटत होतं, हे कळलं की तो माझ्या गळ्यात पडेल किंवा मला कानफटात मारेल, दोन्ही चाललं असतं.

दादा पाण्याकडं बघत होता. "असं व्हय," तो म्हणाला. मग म्हणाला, "मला वाटलं, तुला यायचं न्हाई."

न्हाई दादा, असं कसं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण त्या बाकावर सुटल्यासारखं वाटलेलं ते मला आठवलं, आणि शब्द निघाला नाही. तोंड तसंच मिटलं. दादानं ते बघितलं. माझा थोरला भाऊ आहे तो, माझं तोंड त्याला वाचता येतं. रागावला नाही. टॉवेल खांद्यावर टाकून उठला, मला उठायला हात दिला आणि तो सोडायच्या आधी म्हणाला, "गुरुवारी तू बोललास तवा माझा फोन मायच्याच हातात होता, स्पीकरवर. तुझा आवाज ऐकायचा म्हणली म्हणून लावल्ता."